केडगावचा जमाखर्च

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्याकडे दोन याद्यांत हमखास सापडते. एक यादी विदुषींची, दुसरी धर्मांतरितांची. तिसरीही एक यादी आहे. महाराष्ट्रात ज्यांनी माळरानावर उद्योग आणि वसाहती उभ्या केल्या, त्यांची ती यादी. तीत किर्लोस्कर येतात, ओगले येतात, वालचंद हिराचंद येतात. रमाबाई मात्र येत नाहीत. किर्लोस्करवाडी १९१० ची आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावी रमाबाईंचे मुक्तिसदन १८९८ सालीच उभे राहिले होते आणि पुढील दोन-तीन वर्षांत तेथे शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धालय आणि छापखाना यांवर शेकडो स्त्रिया काम करू लागल्या होत्या. ही वगळणूक कशामुळे झाली, हे तपासण्याजोगे आहे. कारण स्त्रियांच्या उद्योगाविषयी आज जे बोलले जाते, त्यातील बराचसा गोंधळ त्या उत्तराशी जोडलेला आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविण्याचा 'अपराध' केला आणि गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड थाटले. पुढे सारे कुटुंब पुराण सांगत तीर्थक्षेत्रांतून हिंडले. १८७० च्या दशकातील दुष्काळी वर्षांत आई-वडील आणि थोरली बहीण गेली. विद्या अमाप, घरात दाणा नाही आणि अंगमेहनतीचे कोणतेही काम येत नाही, अशी ही अवस्था होती. रमाबाईंच्या पुढील साऱ्या अर्थकारणाचे मूळ येथेच शोधावे लागते. भाऊ श्रीनिवासासह त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, तेथील पंडितांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली. पण दोन वर्षांत भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर विवाह केला आणि १८८२ च्या आरंभी त्या विधवा झाल्या. पदरी लहानगी मनोरमा होती.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना केली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि त्या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासखर्चाची तजवीज केली. कोणा संस्थानिकाच्या देणगीवर त्या बोटीत चढल्या नाहीत, हा तपशील चरित्रकार बहुधा एका ओळीत उरकतात. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाई आपल्या ठाणे जिल्ह्यातील कल्याणच्या. मुरबाडहून कल्याणला नोकरीसाठी वा महाविद्यालयासाठी रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

समारंभापुरत्या गेलेल्या रमाबाई अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. या काळात त्यांनी जे केले त्याला आजच्या भाषेत भांडवल उभारणी म्हणतात. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. ते १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले, त्याच्या हजारो प्रती खपल्या आणि ते उत्पन्न भावी शाळेच्या कामी आले. त्या वर्षअखेर बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व तिने दहा वर्षे शाळेचा खर्च सोसण्याचे मान्य केले. अमेरिकेवर त्यांनी मराठीत जे प्रवासवृत्त लिहिले, त्यात निसर्गशोभेपेक्षा तेथील स्त्रियांच्या शाळा, संघटना आणि मिळवतेपणाचे वर्णन अधिक जिव्हाळ्याने आले आहे. ज्याला जे हवे असते ते त्याच्या नजरेत आधी भरते.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदन पुढच्या वर्षी पुण्यास हलले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार मंडळात होते. १८९३ साली वाद पेटला. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात एकच बाजू खरी मानण्याची आपली सवय आहे. शाळा धर्मनिरपेक्ष राहील अशा विश्वासाने मुली पाठविणाऱ्या पालकांचा धक्का समजण्यासारखा होता. उलट, या मुलींसाठी दुसरे दार उघडे ठेवण्याची तयारी त्या दिवशी समाजापाशी नव्हती, हेही तितकेच खरे. ते दार कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढून उघडले.

पण अर्थव्यवहाराच्या दृष्टीने या वादाहून महत्त्वाची गोष्ट त्याच सुमारास घडत होती आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. दहा वर्षांची हमी संपत आली होती. वाद चालू असता, विद्यार्थिनी कमी होत असता, रमाबाईंनी केडगावजवळ सुमारे १०० एकर जमीन मिळविली. तेथे फळबाग लावावी आणि परदेशी मदत आटली तरी बागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा त्यांचा हिशेब होता. देणगीवर चालणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने देणगी संपल्यानंतरचा विचार आधी करावा, हे त्या काळी दुर्मिळ होते. आजही फारसे सुलभ झालेले नाही.

त्यानंतर १८९६ चा दुष्काळ आला. आपल्या आई-वडिलांना ज्याने नेले तेच संकट मध्य प्रांतात माजले आहे, हे कळताच बाई स्वतः तेथे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, निर्बंध होते. मुलींना ठेवण्यास जागा उरली ती केडगावचीच. फळबागेसाठी घेतलेल्या माळावर झोपड्या उठल्या. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना पाणी पाजायचे म्हणजे आधी विहिरी हव्यात. त्या खणल्या गेल्या. मग शेती, भाजीपाला, दूधदुभते. मग मागावरचे कापड, शिवण, धुलाई, भट्टी, तेलघाणा. अंध स्त्रियांना वाचन व हातकाम शिकविण्याची सोय झाली. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंतची कामे स्त्रियाच करीत. ज्या काळी मराठी घरातील बाईच्या हाती वर्तमानपत्र असणे हाच चेष्टेचा विषय होता, त्या काळी दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली छापण्याचे यंत्र चालवीत होत्या.

हे सारे नफ्याचे नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. मुक्तीचा मोठा भार देणग्यांनीच उचलला. येथे उघडपणे ख्रिस्ती धर्माची शिकवण होती आणि त्यामुळे मदत घेणाऱ्या निराधार मुलीला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प करता येत नाही. तरीही कारखानदारांच्या यादीतून त्यांना वगळण्याचे कारण हे नसावे. खरे कारण असे दिसते की, पुरुषाने माळावर कारखाना काढला की तो उद्योग होतो आणि स्त्रीने काढला की ती सेवा होते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली भारतीय अर्थशास्त्रावरील आपल्या व्याख्यानात निव्वळ शेतीवर विसंबून देश दरिद्री राहतो, उद्योग वाढले पाहिजेत, असे प्रतिपादन केले. त्यांच्या सल्लागार मंडळातून सुटलेल्या या बाईने नेमके तेच काम, देशातील सर्वांत निरुपयोगी समजल्या गेलेल्या मनुष्यबळाला हाताशी धरून, आरंभिले होते. दोघांची वाट धर्माच्या चौकात फुटली. अर्थकारणात ती एकच होती.

या दृष्टीने शहापूर-मुरबाडकडे पाहिले तर काय दिसते? तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बायका एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. माळशेजच्या रस्त्यावर करवंदे-जांभळांच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या, म्हसा यात्रेत दुकान मांडणाऱ्या, पावसाळ्यात रानभाजी बाजारात आणणाऱ्या स्त्रियांना व्यापार कोणी शिकविण्याची गरज नाही. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचे उमेद अभियान यांमुळे बचत गटांचे जाळे पसरले, बायकांच्या हाती पासबुक आले. हे थोडे नव्हे. पण पापड, लोणचे, मसाला यांपलीकडे गट फारसा सरकत नाही तेव्हा आपण प्रशिक्षणाचे आणखी एक शिबिर भरवितो.

रमाबाईंनी शिबिरापासून आरंभ केला नव्हता. त्यांच्या कामाचा क्रम जमीन, पाणी, अन्न, आणि मग हस्तकौशल्य असा होता. आपला क्रम नेमका उलटा आहे. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे, विहीर त्यांची, दिवसाचे दोन-तीन तास पाण्यात गेलेले आणि उरलेल्या वेळात बाईने उद्योजिका व्हावे, ही आपली अपेक्षा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. तलाठ्याच्या दफ्तरात तो हक्क उतरवून घेण्याऐवजी हक्कसोडपत्रावर सही करून भावाकडचे माहेरपण टिकविणाऱ्या बहिणी कमी नाहीत, हे या भागात शिक्षकी वा कारकुनी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. तारण ठेवण्यास काही नसलेल्या बाईला बँक किती कर्ज देणार आणि तेवढ्या कर्जातून पापडाखेरीज काय निघणार?

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले होते. संस्थेचा वारसा चालविण्यासाठी तयार झालेली मनोरमा १९२१ मध्ये आईआधीच गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. भाषांतर हातावेगळे झाले होते, छपाई राहिली होती. ती केडगावच्या छापखान्यात पुढे चालू राहिली आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.