चिकाटीचे उपासक : विल्यम केरी

आज मराठीतील छापील पुस्तक आपण सहज हाती घेतो. परंतु दोनशे वर्षांपूर्वी अशी पुस्तके अतिशय दुर्मिळ होती. त्या काळी महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी वसलेल्या श्रीरामपूर या गावी, एक इंग्रज गृहस्थ मराठी भाषेचे व्याकरण आणि कोश सिद्ध करीत होते. त्यांचे नाव विल्यम केरी. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. निराशेचे प्रसंग त्यांच्यावर वारंवार आले; तथापि हाती घेतलेले काम त्यांनी कधी सोडले नाही.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील एका खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची होती. त्यांना ऊन सोसत नसे. म्हणून शेतीचे काम सोडून ते एका चांभाराकडे उमेदवारीस राहिले. जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू इत्यादी भाषांचा अभ्यास केला. पुढे ते शाळा चालवू लागले व धर्मोपदेशक झाले. दूरदूरच्या देशांत जाऊन आपल्या धर्माची सेवा करावी, असा ध्यास त्यांना लागला. त्यांच्या प्रयत्नाने १७९२ मध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी ते स्वतः हिंदुस्थानाकडे निघाले.

त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना येऊ देत नसे. म्हणून केरी डॅनिश जहाजाने निघाले आणि पाच महिन्यांच्या प्रवासानंतर नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. बरोबर पत्नी डॉरोथी, चार लहान मुले आणि डॉरोथीची बहीण होती. डॉरोथीची देश सोडण्याची मुळीच इच्छा नव्हती. पुष्कळ आग्रहानंतर ती कशीबशी तयार झाली होती.

येथे आल्यावर त्यांचे हाल सुरू झाले. जवळचा पैसा लवकरच संपला. काही दिवस त्यांना सुंदरबनाच्या जंगलालगत काढावे लागले. १७९४ मध्ये माळदा भागातील मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली, तेव्हा पोटापाण्याची चिंता मिटली. परंतु त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजारी पडून वारला. केरी स्वतः तापाने खंगले होते. परक्या मुलखात मुलाच्या अंत्यविधीसाठी माणसे मिळणेही त्यांना कठीण गेले. या आघाताने डॉरोथीचे मन विकल झाले, ते पुन्हा कधी सावरले नाही. १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्या आजारातच राहिली. केरींच्या कार्याची किंमत त्यांच्यापेक्षाही अधिक तिने मोजली, हे आपण विसरता कामा नये.

घरात असे दुःख आणि बाहेर कार्याला यश नाही, अशी त्यांची स्थिती होती. मायदेशाहून पत्रे यायलाही महिनेच्या महिने लागत. सात वर्षे उपदेश करूनही त्यांच्या शब्दाने येथील एकानेही ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. आपण येथे येऊन काय साधले, असा विचार त्यांच्या मनाला कितीदा तरी कुरतडत असे. आपल्या मनाची ही उदासीनता त्यांनी लपविली नाही; आपल्या रोजनिशीत त्यांनी ती प्रांजळपणे नोंदविली. मात्र उदास मनानेही ते दररोज बंगाली व संस्कृत शिकत राहिले. दिवसा कारखान्याचे काम आणि उरलेल्या वेळी बायबलचे बंगाली भाषांतर, असा त्यांचा क्रम असे.

१८०० च्या आरंभी ते श्रीरामपूर येथे गेले. हे गाव डॅनिश अमलाखाली असल्याने तेथे कंपनीची आडकाठी नव्हती. जोशुआ मार्शमन हे शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हे मुद्रक त्यांना सहकारी लाभले. तेथे छापखाना सुरू झाला. पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने अक्षरांचे ठसे घडविले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कृष्ण पाल या सुताराने हुगळीच्या पात्रात बाप्तिस्मा घेतला. सात वर्षांनी मिळालेले हे पहिले फळ होते.

१८०१ पासून केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले. तेथील वेतनाचा बहुतेक भाग ते मिशनच्या कामासाठी देत. तेथेच वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचा अभ्यास केला. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत छापले होते.

यानंतर सर्वांत मोठे संकट आले. ११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी छापखान्याला आग लागली. केरी त्या वेळी कलकत्त्यास होते. वॉर्ड यांनी दारे-खिडक्या बंद करून छपरातून पाणी ओतविले व आग कोंडून धरली. तेवढ्यात कोणी तरी खिडकी उघडली. वारा आत शिरताच ज्वाळा भडकल्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळले. कागदाचा प्रचंड साठा, अनेक भाषांचे खिळे आणि वर्षानुवर्षे कष्टाने लिहिलेली हस्तलिखिते जळून खाक झाली. संस्कृत आणि अनेक देशी भाषांचे शब्द एकत्र आणणारा केरींचा मोठा कोशही त्यांत गेला. तो पुन्हा पूर्ण होऊ शकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्शमन यांनी कलकत्त्यास जाऊन ही वार्ता सांगितली. केरी सुन्न झाले. श्रीरामपूरला येऊन ते त्या राखेतून फिरले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. त्या वेळी ते पन्नाशीचे होते. परंतु एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा अधिक ओळखीची असते, असे मानून त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. छापण्याची यंत्रे आणि अक्षरे ओतण्याचे साचे सुदैवाने बचावले होते. राखेत सापडलेले शिसे वितळवून कारागिरांनी रात्रंदिवस खिळे ओतले. काही आठवड्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली. इंग्लंडमध्ये ही बातमी पोहोचताच लोकांनी नुकसानभरपाईसाठी पैसा उभा केला.

पुढे १८१८ मध्ये श्रीरामपूर येथे महाविद्यालय स्थापन झाले. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा बंगालीत भाषांतरासाठी केरींकडे आला, तो वार रविवार होता. एका दिवसाच्या विलंबानेही एखाद्या स्त्रीचा प्राण जाईल, हे ओळखून त्यांनी त्या दिवशीचे प्रवचन दुसऱ्यावर सोपविले आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले.

त्यांच्या भाषांतरांत उणिवा होत्या आणि पुढील विद्वानांना ती नव्याने करावी लागली. तथापि आधी कोणी तरी वाट पाडावी लागते, तेव्हाच मागून येणाऱ्यांना ती सुधारता येते. एकदा हिंदुस्थानात आल्यावर केरी मायदेशी परतले नाहीत. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथेच त्यांचे देहावसान झाले.

आपल्या अंगी विशेष बुद्धी नाही, केवळ नेटाने पाऊल पुढे टाकीत राहणे आपल्याला साधते, असे ते म्हणत असत. थकवा त्यांनाही येई, निराशा त्यांनाही गाठी. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आपल्या मेजापाशी बसत. त्यांच्या मोठेपणाचे मर्म यातच आहे.