निदानाची शिस्त लावणारे डॉ. खानोलकर
कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने निघते. आजार शेजारच्या लसिकाग्रंथींत पोहोचला का, हे मात्र पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगतो. भारतात ही विद्या रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) अग्रणी. लंडनहून एम.डी. होऊन आल्यावर त्यांनी मुंबईत पॅथॉलॉजी शिकवली. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी अभ्यासला. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभारले. त्यांच्या विद्येची गरज आजही तेवढीच आहे. स्वादुपिंडातील न्यूरोएंडोक्राइन गाठीत ग्रंथी बाधित असल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या, हे रिपोर्टमध्ये जरूर पाहावे.