हॅरी फील्डिंग रीड

१८ एप्रिल १९०६ ची पहाट. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहर अजून निद्राधीन होते. ५ वाजून १२ मिनिटांनी एकाएकी धरणी हादरली. घरे कोसळली आणि पाठोपाठ भडकलेल्या आगींनी शहराचा मोठा भाग भस्मसात केला. या अरिष्टात तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असे आज मानले जाते.

भूकंपाची कारणे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांचे एक मंडळ नेमण्यात आले. हॅरी फील्डिंग रीड हे त्यांपैकी एक होत. त्यांचा जन्म १८५९ मध्ये बाल्टिमोर येथे झाला आणि तेथीलच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. त्यांना हिमनद्यांचा विलक्षण छंद होता. १८९० मध्ये अलास्कातील म्यूर हिमनदीवर जाऊन त्यांनी तिची गती मोजली. निश्चल भासणारा बर्फही संथपणे पुढे सरकत असतो. डोळ्यांना न दिसणारी अशी गती मोजण्याची ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास नावाचा प्रस्तरभंग आहे. प्रस्तरभंग म्हणजे खडकांत खोलवर गेलेली अशी भेग, की जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकू शकतात. भूकंपात या भेगेवर सुमारे ४७० किलोमीटरपर्यंत जमीन फाटली होती. भेगेवरून गेलेली सरळ कुंपणे तुटून त्यांचे भाग काही ठिकाणी सुमारे ६ मीटर बाजूला गेले होते.

सुदैवाने या प्रदेशाची मोजणी भूकंपापूर्वी दोनदा झालेली होती. भूकंपानंतर ती पुन्हा करण्यात आली. रीड यांनी ही सर्व मापे ताडून पाहिली, तेव्हा एक आश्चर्य उघड झाले. भेगेपासून दूरची भूमी भूकंपापूर्वी कित्येक वर्षे दोन बाजूंना विरुद्ध दिशांनी हळूहळू सरकत होती. भूकंपात मात्र भेगेलगतची भूमीच सर्वांत अधिक सरकली होती!

रीड यांनी या कोड्याचा उलगडा केला. भेगेच्या दोन्ही कडा घर्षणामुळे एकमेकींना घट्ट धरून राहतात. दूरचा भाग मात्र सरकतच असतो. त्यामुळे मधले खडक वेताच्या छडीप्रमाणे वाकतात व त्यांत ताण साठत जातो. अखेर एखाद्या ठिकाणी तो असह्य होतो आणि तेथील पकड सुटते. मग ही सुटका भेगेवरून झपाट्याने पसरते, वाकलेले खडक पुन्हा सरळ होतात आणि त्या धक्क्याच्या लहरींनी भूमी कापू लागते. दोन लाकडांमध्ये घट्ट जेली बसवून, ती सुरीने कापून व ताणून रीड यांनी हीच क्रिया प्रयोगाने दाखविली. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा विचार स्थितिस्थापक प्रतिक्षेपाचा सिद्धान्त म्हणून ओळखला जातो.

खडकांना सरकविणारी शक्ती कोणती, हे रीड यांना निश्चित सांगता आले नाही. १९४४ मध्ये ते निवर्तले. पृथ्वीचे कवच सरकत्या भूपट्टांचे बनले आहे, हे १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. भूकंपाचा नेमका दिवस आजही कोणाला सांगता येत नाही. परंतु खडकांत ताण कोठे साठत आहे, हे आता उपग्रहांच्या साहाय्याने मोजता येते, आणि तेथील घरे आधीच बळकट करता येतात. या मोजणीची वाट प्रथम उजळली ती रीड यांच्या धीम्या, चिकाटीच्या अभ्यासाने.