केचपच्या बाटलीवरचा २११ नंबर आणि डॉ. वायली यांची गोष्ट

गेल्या महिन्यात आईने घरातला केचप, जॅम आणि सरबताची बाटली एका पिशवीत भरून दाराबाहेर ठेवली. कारण काय, तर फॅमिली ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड. त्यात आयएनएस नंबरांची यादी होती आणि २११ च्या पुढे ‘विष’ असं लिहिलं होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे असल्या प्रश्नांची उत्तरं मीच द्यायची हे घरात ठरलेलंच आहे. मी पटकन सांगून टाकलं की हे सगळं फेक असतं. त्यावर आईने विचारलं की काहीच नसेल तर तो नंबर छापतात तरी कशाला? आता याचं उत्तर मला येत नव्हतं.

ते शोधता शोधता मी जवळपास सव्वाशे वर्षं मागे गेलो आणि हार्वे वॉशिंग्टन वायली या माणसापाशी येऊन थांबलो. आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

शेतावरचा मुलगा ते सरकारी केमिस्ट

वायली यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. यादवी युद्धात ते थोडा काळ सैनिक होते. १८७१ मध्ये त्यांनी डॉक्टरकीची पदवी घेतली, पण ओढ होती रसायनशास्त्राची. १८७३ मध्ये हार्वर्डमधून त्या विषयाची पदवी घेतली आणि १८७४ मध्ये नव्याने सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात ते रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. तिथे ते सायकलवरून फिरायचे. प्राध्यापकाला हे शोभत नाही म्हणून संचालक मंडळींनी त्यांना चक्क सुनावलं होतं!

१८७८ मध्ये ते जर्मनीला गेले आणि तिथे पोलॅरिस्कोप वापरायला शिकले. हे यंत्र करतं काय? साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला की त्या प्रकाशाची दिशा थोडी वळते. किती वळली आणि कुठल्या बाजूला वळली यावरून साखर कोणती आणि किती हे कळतं. परत आल्यावर त्यांनी बाजारातला मध आणि पाक तपासला, तर त्यात भरपूर ग्लुकोजची भेसळ सापडली. वायली यांचा मुख्य राग फसवणुकीवर होता. ग्लुकोज विकायचं तर ग्लुकोज म्हणून विका, मध म्हणून नको, इतकं साधं त्यांचं म्हणणं.

१८८३ मध्ये ते वॉशिंग्टनला कृषी खात्याचे मुख्य केमिस्ट झाले. त्या काळी दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मल्डिहाइड टाकत. मांसात बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार. डब्यातले वाटाणे हिरवेगार दिसावेत म्हणून मोरचूद! आणि लेबलवर यातलं काहीच लिहायची सक्ती नव्हती. कायद्याचे प्रस्ताव येत आणि पडत. वायली यांच्याकडे भेसळीचे अहवाल ढीगभर होते, पण हे पदार्थ माणसाच्या शरीरात नेमकं काय करतात याचा पुरावा नव्हता.

१२ जणांचं जेवणाचं टेबल

१९०२ मध्ये संसदेने त्यांना ५,००० डॉलर मंजूर केले. वायली यांनी ऑफिसच्या तळघरात स्वयंपाकघर थाटलं आणि १२ धडधाकट तरुण स्वयंसेवक निवडले. जेवण फुकट आणि उत्तम, पण त्यात प्रिझर्वेटिव्ह मिसळलेलं. शिवाय काही झालं तर सरकारवर दावा करणार नाही, असं आधीच लिहून द्यायचं. वर्तमानपत्रांनी या मंडळींचं बारसं ‘पॉयझन स्क्वाड’, म्हणजे विष पथक, असं केलं.

सुरुवात बोरॅक्सने झाली. तो लोण्यात लपवला, तर पोरांच्या लक्षात आलं आणि ती लोणीच टाळायला लागली. मग इतर पदार्थांत घालून पाहिला आणि शेवटी सरळ कॅप्सूलमधूनच दिला. प्रत्येकाचं वजन, ताप, नाडी, मलमूत्र, सगळ्याची नोंद ठेवली जायची. आधी काही दिवस साधं जेवण, मग रसायन, मग पुन्हा साधं जेवण. बोरॅक्समुळे भूक जाणं, डोकेदुखी, पोटदुखी असे त्रास दिसले. पुढे सॅलिसिलिक आम्ल, सल्फाइट, सोडियम बेंझोएट आणि फॉर्मल्डिहाइड यांचीही पाळी आली.

इंजिनिअर म्हणून मला यात एक गोष्ट जाम आवडली. एका वेळी एकच बदल करायचा आणि आधीचं-नंतरचं ताडून बघायचं. आपण बग असाच तर शोधतो. पण या टेस्टमध्येच काही बग होते. माणसं फक्त १२, तीही सगळी तरुण आणि निरोगी. रसायन न घेणारा वेगळा गट नाही. आणि आपण विष खातोय हे प्रत्येकाला माहीत. नुसत्या त्या विचारानेही पोटात कालवू शकतं!

जिंकले, आणि मग हरले

१९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी आली. मांस कारखान्यांतली घाण वाचून लोक खवळले. ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न आणि औषध कायद्यावर सही केली. लोक त्याला वायली यांचाच कायदा म्हणू लागले.

पण पुढे एका बैठकीत वायली बोलून गेले की सॅकरिन आरोग्याला घातक आहे. रूझवेल्ट यांना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरिनच देत होते. साहेब भडकले. १९०८ मध्ये वायली यांच्या डोक्यावर तज्ज्ञांचं मंडळ बसलं आणि त्याचे प्रमुख होते इरा रेमसेन, ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिनचा शोध लागला होता! मंडळाने थोड्या प्रमाणातलं बेंझोएट निर्धोक ठरवलं. कॅफीनवरून कोका-कोलावर भरलेला खटलाही १९११ मध्ये खालच्या कोर्टात फसला. १९१२ मध्ये वायली यांनी राजीनामा दिला आणि ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाच्या प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ तपासू लागले. ३० जून १९३० रोजी ते गेले. कायद्यावर सही होऊन त्या दिवशी बरोबर २४ वर्षं झाली होती.

मग २११ चं काय?

२११ म्हणजे तेच सोडियम बेंझोएट. आंबट पदार्थात त्याचं बेंझोइक आम्ल होतं आणि ते बुरशी, यीस्टची वाढ रोखतं. आपलं शरीर त्याला ग्लायसिनशी जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणजे ठरलेल्या मर्यादेत ते विष नाही. इथे वायली जरा जास्तच कडक होते. पण फॉर्मल्डिहाइडबाबत ते पूर्ण बरोबर होते. २०१८ मध्ये गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनवरून केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? ते तेच रसायन, पाण्यात विरघळवलेलं. सल्फाइटचंही असंच. बहुतेकांना काही होत नाही, पण दम्याच्या काही रुग्णांना त्याने त्रास होतो. त्यामुळे घरात दमा असेल तर २२० ते २२८ हे नंबर नक्की बघा.

आईला मी हे सगळं सांगितलं. नंबर छापतात तो घाबरवायला नाही. आत काय आहे हे खाणाऱ्याला कळलं पाहिजे, यासाठी कुणीतरी आयुष्य घालवलं म्हणून तो तिथे आहे. फॉरवर्ड फेक आहे, हे माझं पहिलं उत्तरही अर्धवटच होतं, हेही मी कबूल केलं.

आईने चष्मा लावून पिशवीतल्या तिन्ही बाटल्या वाचून काढल्या. केचप आणि जॅम आत आले. सरबतात साखरच किती आहे बघ, म्हणत ती बाटली मात्र तिने बाहेरच ठेवली. यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.