नाव नसलेला पाया

साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या गाण्यांवर अवघी अमेरिका थिरकत होती. त्या गाण्यांचा पाया रचणाऱ्या बेस गिटारवादकाचे नाव मात्र तबकड्यांच्या वेष्टनावर नसे. ते होते जेम्स जेमरसन.

साउथ कॅरोलिनात १९३६ साली जन्मलेले जेमरसन १९५४ मध्ये डेट्रॉइटला आले आणि शाळेत डबल बेस शिकले. पुढे इलेक्ट्रिक बेस गिटारकडे वळल्यावर १९६२ चे फेंडर प्रिसिजन बेस हे त्यांचे मुख्य वाद्य ठरले.

त्याची जुळणी जगावेगळी होती. गुळगुळीत पृष्ठभागाच्या जाड तारा तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, हा त्यांचा शिरस्ता. जुन्या तारांचा झणकार ओसरतो आणि स्वर घुमारदार होतो. तारा पट्टीपासून बऱ्याच उंच ठेवलेल्या. त्या दाबायला बोटांत बळच हवे. घोडीवरील झाकणाखाली फोमचा तुकडा असल्याने स्वर रेंगाळत नसे, टपोरा उमटे. तारा छेडायला केवळ उजवी तर्जनी. ही सवय डबल बेसची.

१९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमवर अखेर त्यांचे नाव छापले गेले. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजलिसला गेली. जेमरसनही गेले, पण तेथे नव्या तारांच्या लखलखीत स्वराची मागणी वाढली होती. त्यांनी आपली जुळणी सोडली नाही. काम आटले, मद्यपान वाढले.

२ ऑगस्ट १९८३ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी काही दिवसच ते लाडके वाद्य चोरीला गेले होते. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांची दखल घेतली, ती २००० साली.