अंगणातली शाळा

मुलांनो, अंगणवाडी तुम्ही पाहिली आहे. उर्दूत ज्याला सहन म्हणतात, तेच मराठीत अंगण. पण लहान मुलांच्या शाळेला हे नाव कसे मिळाले, हे तुम्हांला माहीत आहे का?

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. फार थोड्या मुली शिकत, त्या काळात त्या १९१४ साली बी. ए. झाल्या. पुढे राजकोटला त्या शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या. १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांची पद्धत तिथे वापरत. भ्यालेले मूल शिकत नाही, स्वतःच्या हाताने केलेले त्याला चटकन समजते. म्हणून शिक्षकाने आधी मुलाचे मन ओळखावे, असे ही पद्धत सांगते.

१९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. तुमच्या मुरूड-श्रीवर्धनसारखाच तिथेही समुद्र आणि सुरूची झाडे आहेत. सोबत अनुताई वाघ होत्या. बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. मुलांना आळशी म्हणून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी मात्र आपले काय चुकते ते शोधले. परक्या जागी मूल बुजते. घराजवळ ते बुजत नाही. मग त्यांनी बालवाडीच वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुले जमू लागली. तीच अंगणवाडी!

माँटेसरींची साधने महाग होती. त्यांच्याऐवजी शिंपले, खडे, बिया आणि पाने आली. मोजायला शिंपले काय वाईट? शिवाय ते मुलांच्या ओळखीचे.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले गुरे चारायला जात. शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले, ती कुरणशाळा. मला तिचे फार कौतुक वाटते, कारण तिथे शिक्षकालाही उन्हात हिंडावे लागे. काही मुलींची शाळा धाकट्या भावंडांना सांभाळण्यात बुडे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ताराबाईंनी एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणत. भाऊ पाळण्यात, बहीण वर्गात!

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. पुढे १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.