बहिणाबाई चौधरी : कामातून उमटलेली कविता

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो : कवितेतील प्रतिमांचे सौंदर्य एका परिच्छेदात स्पष्ट करा. उत्तरेही बहुधा ठरलेलीच असतात. प्रतिमा समर्पक आहे, निरीक्षण सूक्ष्म आहे, डोळ्यांपुढे चित्र उभे राहते, वगैरे. यातले एकही वाक्य खोटे नसते. पण ते कोणत्याही कवितेला चालते, म्हणून त्या एका कवितेविषयी काहीच सांगत नाही. बहिणाबाईंची गाणी वाचताना मला वाटले, की या प्रश्नाचे उत्तर शोधायला आधी त्यांच्या आयुष्याकडे गेले पाहिजे. त्यांच्या प्रतिमा पुस्तकातून आल्या नाहीत. त्यांना अक्षरओळखच नव्हती.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या असोदे या गावी महाजनांच्या शेतकरी घरात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. माहेर सुटले, पण दोन्हीकडची कामे तीच होती. जाते, चूल, गोठा, शेत. ऐन तिशीत त्यांना वैधव्य आले. पदरी काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपान हे मुलगे. सोपान तर अगदी लहान होता. रडत बसायला सवड नव्हती. पेरणी आणि कापणी कोणाच्या दुःखासाठी थांबत नाहीत.

या साऱ्या कष्टांत त्या गात होत्या. दळताना, निंदताना, घरकाम करताना ओवीच्या चालीवर शब्द जुळत. भाषा खानदेशातली, त्यांच्या घरात बोलली जाणारी लेवा गणबोली. आपण कविता करतो आहोत, अशी त्यांची समजूत नव्हती. हात कामात आणि ओठ गाण्यात, इतकेच.

म्हणूनच त्यांच्या प्रतिमांत वस्तू आधी येते आणि विचार मागून येतो. मनाचा चंचलपणा सांगताना त्या मोठमोठे शब्द वापरत नाहीत. त्यांना उभ्या पिकात शिरलेले ढोर दिसते. हाकलले तरी ते पुन्हा तिथेच येते. यातला ‘उभे पीक’ हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. पीक कापून झाले असते, तर ढोर शिरल्याचे कोणाला एवढे दुःख? वर्षाची कमाई अजून शेतात उभी आहे, म्हणून राखण करणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मनाला आवरणे का कठीण आणि आवरले नाही तर काय गमावते, या दोन्ही गोष्टी त्या एका तपशिलात आल्या. उपदेशाची गरजच उरली नाही.

सुगरण पक्ष्याच्या खोप्यावरचे त्यांचे गाणे शाळेपासून आपल्या परिचयाचे आहे. मी नारपोलीत राहतो. आमच्याकडे दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट चालतो. धागा तुटला, की माग थांबवायचा, टोक शोधायचे, गाठ मारायची आणि पुन्हा माग सुरू करायचा. विणणे म्हणजे किती चिकाटी, हे इथल्या लहान मुलालाही कळते. त्यामुळे ते गाणे मला केवळ निसर्गवर्णन वाटत नाही. झाडाला टांगलेले पिलांचे घर, आणि ते विणायला हत्यार एकच : चोच. तेवढे दाखवून बहिणाबाई माणसाच्या दोन हातांकडे आणि दहा बोटांकडे वळतात. त्यांनी चोचीचा उल्लेख केला नसता, तर बोटांची ही मोजदाद आपल्याला बोचली असती का?

जळगावातल्या छापखान्यावरही त्यांचे गाणे आहे. कोरा कागद यंत्रातून छापून निघाला, की शहाणा होतो, ही त्यातली कल्पना. शिकलेल्या माणसाला छापखाना नेहमीचा वाटेल. निरक्षर बाईला त्यात नवल दिसले. त्या नवलातूनच कोऱ्या राहिलेल्या माणसाविषयीचा प्रश्न त्यांना सुचला.

हे धन आपल्यापर्यंत पोहोचले, ते मात्र थोडक्यात. सोपानदेव पुढे स्वतः नामवंत कवी झाले. शाळेत असताना त्यांनी आईला सावित्री-सत्यवानाची गोष्ट वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्यावर गाणे रचले होते, अशी हकीगत सांगतात. सोपानदेवांनी व त्यांच्या एका आप्ताने आईची गाणी वहीत उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे हरखून गेले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. आपले छापील पुस्तक हातात घेण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही. जात्यापुढे म्हटलेली आणि कोणी टिपून न घेतलेली गाणी पिठाबरोबरच संपून गेली.

२०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ज्यांना स्वतःची सही करता येत नव्हती, त्यांचे नाव आज पदवीच्या कागदावर छापले जाते. हा गौरव योग्यच आहे. पण त्यांच्या ओळी सुभाषितांसारख्या भिंतीवर लावून आपण ढोर, चोच आणि तवा विसरणार असू, तर त्या गौरवाला अर्थ उरणार नाही. चुलीपुढे हात पोळलेल्या बाईने सांगितले, म्हणून संसाराचे ते तत्त्वज्ञान खरे वाटते.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी प्रतिमेवर परिच्छेद लिहायला बसाल, तेव्हा ‘सुंदर’ हा शब्द क्षणभर बाजूला ठेवा. ती वस्तू कोणती, ती कोणाच्या हातात असते, तिच्यावाचून कोणाचे काय अडते, एवढे आधी लिहा. आणि घरी आई किंवा आजी काम करताना काही गुणगुणत असेल, तर जवळ वही ठेवा. सोपानदेवांनी याहून वेगळे काही केले नव्हते.